शालनमावशीचा पाय

ब्रेक न लागून गाडी कुठं आपटली, तर लोक ब्रेकला नावं ठेवत नाहीत, चालवणाऱ्याला ठेवतात. त्यात चालवणारी बाई असली तर विचारूच नका. औंढ्यात त्या सकाळी तेच चाललं होतं. शालनमावशीची जुनी लाल गाडी उतारावरून येऊन महिपती आबांच्या फाटकावर आदळली होती. फाटकाचा खांब आडवा झाला होता आणि जमलेला गाव मावशीच्या गाडी चालवण्यावर यथेच्छ तोंडसुख घेत होता.

गाडी ओढून न्यायला लोणावळ्याहून निलेशला बोलावलं होतं. भुशी धरणाच्या रस्त्याला त्याचं गॅरेज. हात चांगला, तोंड त्याहून चालू. तो बंपरला दोरी बांधत असतानाच मावशी आबांपुढं आली.

"चूक माजीच हाय, आबा. निलेशनं सांगितलं व्हतं, पॅडल दोनदा दाबायचं म्हणून. येळेला मला सुचलं न्हाई."

आणि तिनं हात जोडले.

निलेशचा हात दोरीवरच थांबला. शालनमावशी म्हणजे लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून उमेदीची वर्षं घालवलेली बाई. बौद्धवस्तीत स्वतःच्या पगारावर गाडी घेणारी ती पहिली. तिची सासू याच फाटकाबाहेर कामासाठी ताटकळत उभी राहायची, पण मावशीनं तिथं कधी मान खाली घातली नव्हती. आबा तर निलेशच्या भावकीतले. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं, बस. त्याऐवजी तो गाठ बसली होती तरी ती पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

दोनदा दाबायचं हे त्यानंच सांगितलं होतं. का सांगितलं होतं, ते मात्र त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी पॅडल मऊ लागतं म्हणून मावशी गाडी घेऊन आली होती. रविवार म्हणजे भुशीला निघालेल्यांची गर्दी. कुणाचा टायर, कुणाचा क्लच, सगळ्यांनाच घाई. निलेशनं मावशीलाच आत बसवून पॅडल मारायला लावलं आणि स्वतः चाकांशी बसून ब्रेकमधली हवा काढली. शेवटी म्हणाला, आता दाबून धरा. मावशीनं धरलं. मग आतून तिचा आवाज आला, की मी धरलंय रे, तरी खालीच चाललंय.

तेल कुठं गळत नाही, डबी भरलेली आहे, हवा निघालेली आहे आणि तरीही दाबून धरलेलं पॅडल हळूहळू बसत जातंय, तर पॅडलचा दाब चाकांकडं पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं. निलेशला ते तिथल्या तिथं कळलं होतं. पण सिलिंडर उतरवायचा म्हणजे दुपार गेली आणि गिऱ्हाइकं शेजारच्याकडं गेली. तेव्हा त्यानं हसून सांगून टाकलं, की मावशी, तुमचा पाय हलका पडतो, बायामाणसांचं असंच असतं. दोनदा दाबा, येतंय वर. रांगेतली माणसंही हसली. मावशी ओशाळून निघून गेली.

आता गॅरेजात सिलिंडर खोलताना त्याला मनापासून वाटत होतं, दुसरंच काहीतरी निघावं. एखादी नळी फुटलेली असावी, एखादं चाक गळत असावं. तसं काहीच निघालं नाही. रबराची कड पार झिजून गेली होती. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की घरी जेवताना रेणुकाच्या, बायकोच्या, तोंडाकडंही बघवेना.

नवा सिलिंडर बसवून गाडी गुपचूप पोचती करावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात मावशीचा फोन आला. घाई करू नकोस म्हणाली, गाडी इकायचीय. "तू सांगूनसुदिक जमलं न्हाई, म्हंजी माजा पायच कामातून गेला."

मग मात्र त्याला राहवेना. दुसऱ्या दिवशी नवा सिलिंडर बसवून तो गाडी घेऊन औंढ्याला गेला. आबांच्या फाटकाशी गवंडी खांब उभा करत होता आणि मावशी स्वतः बादलीनं त्याला पाणी आणून देत होती. आबा खुर्ची टाकून बसले होते. निलेश आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, मावशीची चूक न्हाई. शिलिंडर गेलता. मला रविवारीच कळलं व्हतं. गर्दी लागलीती म्हणून मी त्यांच्या पायावर ढकललं."

आबा हसले. म्हणाले, चालायचंच पोरा, जुन्या गाडीचं असं होतं, एवढं काय मनाला लावून घेतोस. काल मावशीला हे कुणीही म्हटलं नव्हतं. निलेशला वाटलं, आबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशी बादली घेऊन तशीच उभी होती.

"मी काल हात जोडले, तवा तू हितंच व्हतास ना? दोरी बांधत?"

"व्हय, मावशी."

तिनं बादली त्याच्या पायाशी ठेवली, त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी चढाला लागली, वर गेली, वळली आणि उतारावरून सावकाश खाली आली. फाटकासमोर तिनं ती थांबवली, आबांकडं एकदा सरळ बघितलं आणि वस्तीकडं निघून गेली. निलेशकडं तिनं बघितलंच नाही.

गवंड्यानं पाणी मागितलं. निलेशनं बादली उचलली.