शेवटच्या अठ्ठावीस ओळी

तिने पिशवीतून अंक काढून टेबलावर ठेवला आणि त्याला वाचता यावा म्हणून ती तो फिरवायला गेली, तर म्हाताऱ्याने तो बोटाने जागेवरच दाबून धरला.

"असू दे. मला उलटंच बरं वाचता येतं."

आणि खरोखरच, अक्षरं डोक्यावर उभी असताना, त्याने मुखपृष्ठावरची ओळ घडाघडा वाचून दाखवली: या महिन्यात तीन खून, एक चोरी आणि एक लग्न. छापखान्यात जन्मभर अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचत जुळवले की माणसाचं असं होतं. छापखाना बंद पडला, खिळे वितळवले गेले, पण डोळ्यांची खोड काही गेली नाही.

मुखपृष्ठावर लाल झग्यातली एक बाई पिस्तूल रोखून उभी होती. तिच्या हाताला सहा बोटं होती. चित्रकाराला घाई होती आणि चित्र परत काढून घ्यायला वेळ नव्हता. मग संपादकांनी काय केलं, तर एका बैठकीत सहा बोटांच्या खुनी बाईची गोष्टच लिहून काढली. वाचकांना वाटलं, काय डोकं आहे.

डोकं होतंच. पन्नास वर्षांपूर्वी अशी रहस्यकथांची मासिकं वर्षाला तीन-चार निघायची आणि निघाली तशी गडप व्हायची. हे नऊ महिने टिकलं. कागद इतका पातळ, की या पानावरचा खून मागच्या पानावरूनही दिसायचा. सगळा अंक संपादक एकटे लिहीत, पाच टोपणनावांनी. त्यांतलं एक नाव बाईचं होतं आणि तिला लग्नाच्या मागण्या येत. पत्रव्यवहाराच्या पानावर त्यांनी आपल्याच दोन नावांचं असं कडाक्याचं भांडण लावून दिलं होतं, की एका वाचकाने मध्यस्थी करायची तयारी दाखवली. दिवसभर शाळेत गणित शिकवून संध्याकाळी हे सगळं करायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. बाकीची मासिकं रद्दीत गेली, याचे अंक लोकांनी कपाटात जपले. ते जपले गोष्टींच्या शेवटांसाठी.

समोर बसलेली बाई त्या संपादकांची मुलगी. आता तिचेही केस पांढरे झाले होते. वडिलांच्या नऊ मोठ्या गोष्टींचं पुस्तक येत्या महिन्यात निघणार होतं. प्रकाशकाने मुखपृष्ठावर वडिलांचं नाव ठळक घातलं होतं आणि खाली, 'शेवटांचा बादशहा'. ती हे सांगत होती तेव्हा म्हाताऱ्याची सून चहा आणि बिस्किटं ठेवून गेली. त्याने बिस्किटं उचलून बशीच्या कडेला एका ओळीत लावली, मग एक काढून पुन्हा लावलं. चहा निवतोय, असं सून दारातून म्हणाली, ते त्याला ऐकू गेलं नाही.

तिचं एकच काम होतं. छापून झालं की हस्तलिखित तिच्या वडिलांकडे परत जात असे. ती सगळी हस्तलिखितं तिला पेटीत सापडली होती, पण नऊच्या नऊ गोष्टींची शेवटची पानं गायब. शेवट छापलेले तर आहेत, मग पानं गेली कुठे? प्रकाशकाला एखादा शेवट वडिलांच्या अक्षरात छापायचा होता. तिने अंक उघडला आणि हळू आवाजात वाचलं. खुनी सापडतो तेव्हा तो मेलेल्या माणसाची कपबशी विसळत असतो. चला, असं शिपाई म्हणतो. तो म्हणतो, एवढी बशी होऊ दे.

"हा शेवट माझा सगळ्यात लाडका आहे, काका."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्याने हे बायकोला सांगितलं नव्हतं आणि सुनेलाही नाही. आता गप्प बसावं, तर एका भल्या माणसाच्या नावावर खोटं छापलं जाणार. बोलावं, तर या पोरीने उराशी धरलेला बापाचा मोठेपणाच काढून घेतल्यासारखं होणार.

"तो साहेबांचा नाही," तो म्हणाला. "एकही शेवट त्यांचा नाही."

मग तो सांगत गेला. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर एक चित्र होतं. त्याचा छापायचा ठोकळा खिळ्यांपेक्षा जरा बुटका निघाला. अशा वेळी ठोकळ्याखाली कागदाची घडी डकवून उंची सारखी करतात, नाहीतर चित्र उठत नाही. त्याने हाताला लागला तो कागद घेतला, खळ लावली आणि डकवला. ते गोष्टीचं शेवटचं पान होतं. लक्षात आलं तेव्हा खळ वाळली होती, आणि सोडवायला गेला तर कागदाचा लगदा हातात आला. पान त्याने वाचलेलंही नव्हतं. साहेब परगावी गेलेले, मशीनवाला हाका मारतोय आणि पानावर अठ्ठावीस ओळींची जागा रिकामी. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करायचा तर दोन पानं लागतात. तेवढी जागाच नव्हती. म्हणून त्याने खुन्याला गुपचूप पकडून दिलं, कागदावर काही न लिहिता, उभ्या उभ्या खिळे उचलत.

"साहेब काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनी छापलेला अंक वाचलाच नसेल. पुढच्या महिन्यात बघतो तर परत शेवटचं पान नाही."

त्याने सगळा छापखाना पालथा घातला होता. ठोकळे उलटे करून पाहिले होते. आपल्याच हातून पुन्हा गेलं, अशी त्याची खात्री झाली. विचारायला जावं, तर पहिल्या महिन्याचं बिंग फुटणार. मग पुन्हा अठ्ठावीस ओळी, पुन्हा उभ्या उभ्या. तिसऱ्या महिन्यात तेच, चौथ्यात तेच. आपण पानं हरवतो की साहेब विसरतात, याचा छडा त्याला कधी लागला नाही आणि लावायची छातीही झाली नाही.

"ते शेवट साहेबांच्या नावाने छापू नकोस, ताई. आणि माझ्याही नावाने नको. लबाडी मी केली, त्यांना बोल नको."

तिने अंक मिटला. मग तिने भलतंच विचारलं.

"तुमच्या छापखान्यात मुंगळा कोणाला म्हणायचे?"

"मलाच," तो ओशाळून म्हणाला. "एकेक अक्षर उचलून न्यायचो ना, म्हणून. फक्त साहेब म्हणायचे. दुसरं कोणी नाही."

"मला वाटलं, बाबांचंच सहावं टोपणनाव असेल."

तिने पिशवीत हात घालून आणखी एक हस्तलिखित काढलं. दहाव्या अंकाची गोष्ट. कागद मिळेना म्हणून तो अंक निघालाच नाही आणि हे बाड छापखान्यात कधी पोचलंच नाही. बारा पानं भरून लिहिलेली होती. तेराव्या पानावर वर पाच-सहा ओळी आणि खाली सगळं कोरं. ते पान तिने टेबलावर ठेवलं.

या वेळी म्हाताऱ्याने कागद स्वतःकडे फिरवून घेतला. चष्मा पुसला. नुकता वाचायला शिकलेला माणूस वाचतो तसं, एकेका शब्दावर बोट ठेवत तो सरळ वाचू लागला.

'मुंगळ्यास. शेवटचं पान शोधत बसू नकोस. दुसऱ्या अंकापासून मी ते लिहीतच नाही. एकदा सांगायला हवं होतं, पण तू लाजून लिहिणं सोडशील अशी भीती वाटत होती. बशीचा शेवट मी तीनदा वाचला. मला तो सुचला नसता. या वेळी खुनी डॉक्टर नको, वाचक ओळखतील. बाकी तुझी मर्जी. ओळी अठ्ठावीस.'

वाचून झाल्यावरही बोट शेवटच्या शब्दावरच राहिलं. सून दारात येऊन उभी राहिली होती. तिने गार झालेला कप उचलून नेला.

मुलगी म्हणाली की प्रकाशकाला ती आजच फोन करणार आहे. पुस्तकावर दोन नावं येतील आणि 'शेवटांचा बादशहा' ही ओळ जाईल किंवा खाली सरकेल. बाबांना त्याचा आनंदच झाला असता. आणि जमत असेल तर ही दहावी गोष्टही घ्यायची आहे.

म्हाताऱ्याने बारा पानं ओढून घेतली आणि टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या.

"खुनी कोण आहे यात?"

"ते बाबांनी कुठेच लिहिलेलं नाही."

"मग वाचूनच बघावं लागेल." त्याचा अंगठा आणि दोन बोटं हवेतून काहीतरी वेचू लागली होती.

घाई नाही, असं तिने सांगितलं. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं, जागेची अडचण नसते, त्यामुळे त्याने हवं तेवढं लिहावं, दोन पानं, चार पानं.

"नाही," पहिल्या पानावरून नजर न काढता तो म्हणाला. "साहेबांनी अठ्ठावीस दिल्यात."