गुरुवारची गोळी

तक्रार एका रुग्णाच्या जावयाने केली होती. "या सिस्टर माहिती सांगत नाहीत, ट्रक रिकामा करतात," असं त्याने लेखी दिलं होतं. मेट्रनबाईंनी ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. ट्रकपाशी आल्यावर त्यांना हसू आवरलं नाही, ते मला तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

मी डिस्चार्जची सिस्टर. बावीस वर्षं नोकरी, त्यातली नऊ याच टेबलावर. सकाळच्या वेळात चौदा माणसं घरी पाठवायची असतात, कारण खाली चौदा माणसं त्यांच्या खाटांची वाट बघत असतात. एका माणसाला चार मिनिटं. गोळ्या, पथ्य, टाके कधी काढायचे, परत कधी यायचं, समजलं ना, चला पुढचा. वॉर्डात मला 'एक्सप्रेस' म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

"तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, संवादकौशल्याचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "शेवटी परीक्षा. पास झालीस तर टेबल तुझं. नाही झालीस तर मला तुला स्टोअरला टाकावं लागेल. वरून आलंय, माझ्या हातात नाही."

स्टोअर म्हणजे कापसाचे गठ्ठे आणि सलाईनची खोकी. तिथे कुणी तक्रार करत नाही हे खरं. पण तिथे कुणी घरी जाताना मागे वळून हातही हलवत नाही. मला माणसांची सवय आहे, चिडायला का होईना. ते टेबल गेलं असतं तर मी रडले असते, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

प्रशिक्षण चौथ्या मजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, आवाज मऊ, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायची. तिचं एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत माझा एक डिस्चार्ज उरकला असता. माझा पाय सारखा हलत होता. पहिल्या दिवशी आम्ही बसायला शिकलो. दुसऱ्या दिवशी माणसाकडे बघायला शिकलो. पन्नाशीला टेकलेल्या बाईला खुर्चीत कसं बसायचं ते शिकवतात म्हणजे कमाल झाली, असं मी शेजारच्या सिस्टरच्या कानात म्हणाले. ती मुलांच्या वॉर्डातली. ती गालातल्या गालात हसली.

तिसऱ्या दिवशी शिकवणारीने आमचीच जोडी लावली. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरने 'मी' व्हायचं आणि मी रुग्ण. तिने माझी अशी काही नक्कल केली की विचारू नका. उभ्यानेच आली, एक हात दाराच्या कडीवर, नजर माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे. "ही रिकाम्या पोटी, ही जेवून, ही दुधाबरोबर अजिबात नाही, ही दुखलं तरच, आणि ही पाच दिवस, दुखलं नाही तरी. समजलं ना?"

"हो," मी म्हणाले.

सगळे हसत होते. शिकवणारी मात्र हसली नाही. "आता तुम्ही सांगा, काय काय घ्यायचं ते."

मी घडाघडा सांगितलं. शेवटची पाच दिवस, आणि दुखायचं थांबलं की बंद.

"मी असं म्हटलंच नाही," मुलांच्या वॉर्डातली म्हणाली. "दुखलं नाही तरी पाच दिवस, असं म्हटलं."

"दुखत नसताना कशाला घ्यायची? मला वाटलं, तूच गडबडीत उलटं बोललीस."

"मग विचारलं का नाही?" शिकवणारीने विचारलं.

"तिला घाई होती ना."

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला टेलरबाई आठवल्या.

टेलरबाईंना मी मागच्या बुधवारी घरी सोडलं होतं. बोटांचे सांधे सुजलेले, कात्री धरता येत नव्हती म्हणून आलेल्या. त्यांना दोन गोळ्या होत्या. एक सांध्यांची, आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. दुसरी जीवनसत्त्वाची, उरलेले सहा दिवस. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारक्या. ती सांध्यांची गोळी भारी असते. आठवड्याला एक घेतली तर औषध, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात, आणि मग साधा ताप आला तरी माणूस हातचा जातो. हे मला तोंडपाठ आहे. त्यांना यातलं मी काय सांगितलं होतं? ही गुरुवारी, ही बाकीचे दिवस, समजलं ना. त्यांनी तीनदा मान हलवली होती. ज्याला समजलेलं असतं तो तीनदा मान हलवत नाही.

बाथरूमला जाते म्हणून मी बाहेर आले आणि वॉर्डच्या क्लार्कला फोन लावला. फाइलमध्ये टेलरबाईंच्या धाकट्या बहिणीचा नंबर होता. तो बंद. मी पाच वेळा लावला, पाचही वेळा बंद. मग पत्ता घेतला आणि शिकवणारीला जाऊन सांगितलं.

"परीक्षा दोनला आहे," ती म्हणाली. "उशिरा आलेल्यांना बसवता येत नाही. नियम माझा नाही."

"माहीत आहे."

ती आणखी काहीतरी म्हणाली, पण मी तोवर जिन्यात होते. साडेअकरा वाजले होते.

बस मिळाली. मिळाली म्हणजे मी आत होते आणि बस जागची हलत नव्हती. पुढे कुणीतरी टेम्पो आडवा घालून सामान उतरवत होतं. माझा जीव टांगणीला लागलेला आणि ड्रायव्हर निवांत पाण्याची बाटली उघडतोय. मी मनाशी म्हणाले, अगं, त्या शहाण्या बाई आहेत, चाळीस वर्षं मापं घेतलीत त्यांनी, एक गुरुवार पाळता येणार नाही का? मग म्हणाले, तुला तरी पाच गोळ्या कुठे सांगता आल्या? शेवटी उतरून चालायला लागले. चालता चालता पळायला लागले. गणवेशातली सिस्टर पळताना दिसली की लोक आपोआप वाट देतात, एवढं एक बरं झालं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडंच. खिडकीपाशी शिलाईचं मशीन, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, टेबलावर खडूने आखलेला कोट. टेलरबाई मशीनवरून उठल्या.

"सिस्टर, तुम्ही! या ना, बसा."

मला धाप लागली होती. दारातूनच विचारलं, "गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"हो, अगदी वेळेवर."

हुश्श झालं. इतकं बरं वाटलं की मी म्हणाले, "छान, काळजी घ्या," आणि वळलेसुद्धा. एक पायरी उतरले. मग माझी मलाच लाज वाटली. तीन दिवस ज्या चुकीबद्दल खुर्चीत बसले होते, ती मी तीन सेकंदांत पुन्हा केली होती.

मी परत वर गेले, आत जाऊन स्टुलावर बसले. "मी सांगितलेलं बरोबर सांगितलं का, ते मला बघायचंय. तुम्ही गोळ्या कशा घेता ते दाखवाल का?"

त्यांनी बटणांच्या डब्याशेजारचा डबा काढला. दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि एकीवर बोट ठेवलं. "ही रोज सकाळी." मग दुसरीवर. "आणि ही गुरुवारी."

नेमकं उलटं. दहाच्या पट्टीत चार उरल्या होत्या. नऊ उरायला हव्या होत्या.

"मी तुम्हाला असं सांगितलं होतं?" मी विचारलं.

त्या ओशाळल्या. "तुम्ही जरा उलटं बोललात सिस्टर. दुखण्याची गोळी आठवड्यातून एकदा आणि ताकदीची रोज, असं कुठे असतं? हात तर रोज दुखतात. घाईत होतं असं. चारचौघांत तुमची चूक कशाला काढायची, म्हणून मीच घरी येऊन सरळ केलं."

बोलताना त्या ओठ पुरते उघडत नव्हत्या. मी विचारलं. तोंड आलंय जरा, त्या म्हणाल्या, चार दिवस झाले, तिखट सोडलंय, होईल बरं. मी बॅटरी काढून आत बघितलं. गालाच्या आतून, जिभेखाली, सगळीकडे पांढरे चट्टे होते.

"टेलरबाई, आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय."

"संध्याकाळी हा कोट द्यायचाय."

"आत्ता," मी म्हणाले.

रिक्षात मी त्यांना सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, रक्त तपासू, मग बघू. खरं तर मला भीती वाटत होती, त्यांच्या जिवाची आणि माझ्या टेबलाची, आणि त्या घटकेला कुठली जास्त हे मला सांगता येत नाही.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी पट्ट्या बघितल्या, तोंड बघितलं आणि भराभर कामाला लागले. रक्त काढून पाठवलं. उतारा म्हणून द्यायचं इंजेक्शन मागवलं. वेगळी खोली तयार करायला सांगितली. तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. मी प्रशिक्षण सोडून गेल्याचं त्यांना कळलं होतंच.

"या गोळ्या कशा घ्यायच्या ते तुम्हाला कुणी समजावलं होतं का?" डॉक्टरांनी टेलरबाईंना विचारलं.

टेलरबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मेट्रनबाईंकडे. त्यांना काय समजायचं ते समजलं. "हो तर. या सिस्टरांनीच. अगदी नीट, दोनदा सांगितलं होतं. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. चूक माझी आहे."

मेट्रनबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टर कागदावर लिहायला लागले. मी नुसती गप्प बसले असते तरी झालं असतं. मोह झाला.

"नाही," मी म्हणाले. "दोनदा नाही, एकदा. उभ्याने. आठवड्यातून एकदाच का, ते मी सांगितलं नाही. रोज घेतली तर काय होईल, तेही नाही. त्यांना कळलं की नाही ते न बघताच पुढच्या माणसाकडे गेले. तसं लिहा."

डॉक्टरांनी मान वर केली. टेलरबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे तुम्ही उलटं बोलला नव्हतात?"

"नव्हते. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. जास्त झाली तर रक्तावर परिणाम होतो. तोंड त्यानेच आलंय. सहा दिवसांत सहा गेल्यात पोटात."

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि त्या भडकल्या. त्या मवाळ बाईंचा आवाज एवढा चढू शकतो हे मला माहीत नव्हतं. "सहा दिवस मी अलार्म लावून विष खाल्लं? आणि मी इथे तुमची बाजू सावरत बसले? आज दारात येऊन काय विचारलंत, वेळेवर घेताय ना, आणि चाललातच की परत. मी बघितलं ते. पायाला चाकं लावलीत का तुम्ही?" मग 'तीन वेळा या दवाखान्यात आले, पण हे हात घेऊन शिवते कशी ते कुणी विचारलं नाही,' हे निघालं. इथे माणूस बोलायला लागला की तुम्ही लिहायला लागता, हेही निघालं. प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. खाटा कमी, माणसं कमी, चौदा डिस्चार्ज. मी ती सगळी गिळली.

मेट्रनबाईंनी मला कोपराने ढोसलं. "दोनला दहा कमी आहेत. लिफ्टने गेलीस तर परीक्षा मिळेल. मी थांबते इथे."

"त्यांचं बोलणं व्हायचंय अजून," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

टेलरबाई आणखी बऱ्याच बोलल्या. मग दमल्या. इंजेक्शन आलं, टोचून झालं, तरी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. केव्हातरी त्यांनी भिंतीलाच विचारलं, "मी यातून उठेन ना?"

स्वतःच्या दुखण्याबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. वॉर्डात मी अशा वेळी 'काही होत नाही हो' म्हणून पुढे जाते.

"बहुतेक उठाल, पण मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "रिपोर्ट यायला तासभर लागेल. तोवर मी इथेच आहे."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं नाही. पण पांघरुणातून सुजलेला हात बाहेर काढला, आणि तो माझ्यासाठी आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.