मोकळी दशी

मी एक जुनी सतरंजी आहे, आणि मळकी आहे हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, माझे लाल-निळे पट्टे एके काळी लांबून ओळखू यायचे. दोन्ही टोकांना सुती धाग्यांच्या दशा लोंबायच्या. उस्मानपुऱ्यात बालवाडी चालवणाऱ्या द्वारकाबाईंनी मला मुलांना बसायला म्हणून आणलं. पण खरं काम मला मिळालं ते बुचाच्या झाडाखाली.

पाऊस सरून सकाळी गारवा आला की बाई मुलांना समोरच्या मैदानात न्यायच्या, मला अंथरायच्या आणि सगळ्यांना उताणं झोपवायच्या. वारा आला की लांब देठांची पांढरी फुलं गिरक्या घेत खाली यायची. ज्याच्या अंगावर फूल पडेल त्यानं माझ्या काठावरच्या आपल्या वाट्याच्या दशीला गाठ मारायची. तोवर हलायचं नाही. वीस चुळबुळी पोरं श्वास रोखून आभाळाकडे बघत पडायची. त्यांच्या पाठींची ऊब मला फार आवडायची.

एकट्या ओवैसलाच तेवढा दम निघायचा नाही. तो फूल धरायला धावायचा आणि फूल नेमकं त्याच्या रिकाम्या जागेवर पडायचं. कोपऱ्यातली त्याची दशी मोकळीच राहिली.

पुढे बाई थकल्या, बालवाडी बंद झाली, मी माळ्यावर गेले. दरवर्षी खिडकीतून बुचाचा वास यायचा आणि मी झुरायचे. रडायची सोय असती तर रडलेही असते.

यंदा दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं, तेव्हा रंगाचे थेंब झेलायला मला खाली घेतलं. बाईंची सून सुलेखा म्हणाली, "रंग झाला की हिची पायपुसणी करते. लई जुनी झाली." तिनं कात्रीही काढून ठेवली.

रंगारी शिडीवरून उतरला आणि माझ्या कोपऱ्याशी उकिडवा बसला. दशा चाचपत म्हणाला, "बाई, ही आपली बुचाखालची सतरंजी ना? ही बघा माझी दशी. अजून कोरीच हाय." तो ओवैस होता.

बाईंनी चष्मा पुसून दशी निरखली. मग म्हणाल्या, "घेऊन जा. पण घडी घालून ठेवायची असंल तर ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडाखाली होते. ओवैसच्या शेजारी उताणी पडलेली त्याची लेक लाइबा दोनदा मोबाईल मागून दमली. "अब्बा, और कितना टाइम?"

"फूल गिरने तक."

हळूहळू तिची पाठ माझ्यावर सैल पडली. तेवढ्यात एक फूल तिच्या नाकावर उतरलं. तिनं शेजारच्या दशीला गाठ मारली आणि बापाकडं पाहिलं. "अब्बा, तुमपे तो नहीं गिरा."

"नहीं गिरा. कल फिर आएंगे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा असं सगळ्याच वस्तू सांगतात. मला मात्र जपू नका, मळवा. बुचाचा बहर थोड्याच दिवसांचा असतो. ओवैसची दशी अजून मोकळी आहे, आणि माझ्यावर आणखी अठरा मुलांना जागा आहे.