साडेचारचा ठिय्या

काट्यावर कापसाचा ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता आणि पाशाभाई वजन टिपत होते, तेवढ्यात संगणकानं बारीक शिट्टी मारली. पडद्यावरचं वजन, गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, या सगळ्यावर एक निळी चौकट येऊन बसली. चौकटीला दुहेरी पांढरी किनार होती आणि आत इंग्रजी अक्षरांत एकच ओळ होती: अब्बू चलो, भूक लगी.

मागं उभा असलेला विजयसिंह वाकून बघायला लागला. जिनिंगचे मालक अर्जुनराव यांचा हा नातू. पुण्याला शिकून नुकताच केजला परतला होता आणि आल्यापासून जिनिंगमधली प्रत्येक गोष्ट उघडून बघत होता.

"पाशाचाचा, हे काय आलं मधीच?"

"काय न्हाई, ठिय्या हाय," पाशाभाई म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातलं एक बटण दाबलं.

चौकट गेली. खालचं वजन जसंच्या तसं होतं. पावती छापून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिली, मग उठले, खोलीच्या दारात जाऊन क्षणभर रस्त्याकडं बघितलं, रांजणातलं पाणी प्याले आणि परत येऊन बसले. हमालांनी चहा सांगितला. पाशाभाई पाण्याला उठले म्हणजे साडेचार वाजले, हे जिनिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं. विजयसिंहला तेवढं माहीत नव्हतं.

पाशाभाईंच्या बापाचा स्टँडवर केळांचा गाडा होता. पोरगा औरंगाबादला जाऊन संगणक शिकून आला, तेव्हा केजमध्ये संगणक औषधालाही नव्हता. लोकांना वाटायचं हा टीव्ही दुरुस्त करतो. दोन-चार जण टीव्ही घेऊनही आले. मग शेजारच्या तालुक्यातल्या कुणा पुढाऱ्यानं संगणक घेतल्याचं अर्जुनरावांच्या कानावर गेलं. त्याच्याकडं हाय तर आपल्याकडं कावून न्हाई, एवढ्या एका विचारावर जिनिंगमध्ये मशीन आलं आणि ते चालवायला पाशाभाई आले. वजनापासून हिशेबापर्यंतचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं बसून लिहिला.

लिहिताना त्यांच्या हाताशी एक चिमुकलं हत्यार होतं. औरंगाबादच्या एका दोस्तानं फ्लॉपीवर दिलेलं. त्या काळातलं मशीन एका वेळी एकच काम करायचं, दुसरं उघडायचं तर पहिलं बंद करावं लागायचं. हा छोटा प्रोग्रॅम मात्र सकाळी एकदा चालू केला की मेमरीत दडून बसायचा. काहीही चालू असो, शिफ्टची दोन्ही बटणं एकदम दाबली की तो वर यायचा. कोणत्या अक्षराचा आकडा कोणता, चौकटीची रेघ काढायला कोणता, संगणकाला लागणारा सोळाच्या पटीतला हिशेब, सगळं त्याच्यापाशी तयार. हवं ते बघून घ्यायचं आणि त्याला घालवून द्यायचं. खालच्या कामाला पत्तासुद्धा लागायचा नाही. ट्रकखाली आडव्या पडलेल्या मिस्त्रीला न मागता कुणी पाना हातात द्यावा, तसं सुख.

अर्जुनरावांना हे फार नवलाचं वाटलं होतं. काम झाल्यावर तो जात नाही का, असं त्यांनी विचारलं. मशीन बंद करेपर्यंत जात नाही, तिथंच बसून राहतो, असं पाशाभाईंनी सांगितलं.

"मंजी तहसिलीपुढं ठिय्या मारल्यावानी," अर्जुनराव म्हणाले. त्यांची निम्मी हयात ठिय्या मारण्यात आणि उरलेली दुसऱ्यांचे ठिय्ये उठवण्यात गेली होती. त्यामुळं त्यांना जगातलं बहुतेक सगळं त्याच भाषेत समजायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

या ठिय्याला आणखी एक खोड होती. त्याला वेळ आणि एक ओळ सांगून ठेवली, तर त्या वेळेला तो आपणहून वर यायचा. पाशाभाईंना पूर्वी त्याची कधी गरज पडली नव्हती. ती पडली इरममुळं.

इरम ही त्यांची एकुलती एक मुलगी. उर्दू शाळेत जायला लागली. सुरैया, म्हणजे तिची आई, घरी शिलाई करायची. मुलीला शाळेतून आणायचं काम पाशाभाईंकडं होतं. एके दिवशी प्रोग्रॅममधली एक चूक शोधता शोधता माणूस असा बुडाला की दिवेलागण झाली, तरी पत्ता नाही. शेवटी शाळेच्या शिपायानं पोरीला सायकलवर बसवून घरी पोचवलं. सुरैयानं त्या रात्री नवऱ्याचा यथास्थित उद्धार केला. पोरगी मात्र रागावली नव्हती. पुढच्या सुटीत ती जिनिंगमध्ये आली, बापाच्या मांडीवर बसली आणि या डब्याला सगळं लक्षात राहतं का, असं तिनं विचारलं. राहतं म्हटल्यावर म्हणाली, मग माझं त्याला सांगून ठेवा.

काय सांगायचं, ते तिनंच सांगितलं. अब्बू चलो, भूक लगी. पाशाभाई म्हणाले, शाळा सुटली असं लिहू या. तिला ते पटलं नाही. शाळा सुटली म्हटलं तर तुम्ही थोड्या वेळानं येता म्हणाल, भूक लागली म्हटलं तर लगेच याल. बापानं तिचीच ओळ टाइप केली. शाळा पाचला सुटायची. साडेचारला निघालं की सायकलवर आरामात पोचता यायचं. पाशाभाईंनी रोजची साडेचारची वेळ लावली. त्यानंतर त्यांना एकदाही उशीर झाला नाही.

इरम दुसरीत असताना तापानं गेली. साधा वाटलेला ताप उतरेना, म्हणून पहाटे जीप करून तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन निघाले. जीप अंबाजोगाईला पोचली, इरम पोचली नाही. ती रस्त्यातच आईच्या मांडीवर शांत झाली होती आणि गाव येईपर्यंत सुरैया तिला पदरानं वारा घालत होती.

हंगामाचे दिवस होते. चार दिवसांनी पाशाभाई कामावर आले, मशीन लावलं, गाड्या मोजायला लागले. साडेचारला शिट्टी वाजली आणि चौकट वर आली. ती येणार हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. म्हाळू हमाल तेव्हा समोर उभा होता. तो सांगतो, पाशाभाईंचा हात बटणापाशी गेला आणि तिथंच राहिला, काट्यावरची गाडी तशीच उभी, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. शेवटी त्यांनी चौकट घालवली आणि पावती छापली.

ती ओळ काढून टाकणं हे अर्ध्या मिनिटाचं काम होतं. उद्या काढू म्हणाले. उद्या ती पुन्हा आली. उद्याचा परवा झाला आणि वर्षं गेली. मशीनचा एकेक भाग मेला, तो औरंगाबादच्या भंगारातून शोधून आणला. आतली बॅटरी संपली की मशीन रोज सकाळी तारीख-वेळ विसरायचं. तिच्या जागी बसेल अशी बॅटरी मिळेनाशी झाली, तेव्हा पाशाभाई रोज मनगटावरचं घड्याळ बघून त्याला वेळ सांगायला लागले. लोकांना वाटायचं, काय हा माणूस वेळेला पक्का! राक्षसाचा जीव पोपटात तसा पाशाभाईंचा त्या डब्यात, असं थट्टेनं म्हणायचे. थट्टेत काही खोटं नव्हतं.

घरी मात्र इरमचं नाव बंद झालं. पाशाभाई ते घेईनात आणि ते घेत नाहीत म्हणून सुरैयाही घेईना. पोरीची माती ओली असताना जो कामावर गेला, त्याच्याशी काय बोलायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यावरून त्यांचं कधी भांडणही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दोघं ताटाला ताट लावून जेवत राहिली आणि घरात शिलाई मशीनचा आवाज तेवढा राहिला.

यंदा विजयसिंहनं नवा काटा आणि नवा संगणक आणायचं ठरवलं. वजन झालं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर पावती. त्यात वाईट काहीच नव्हतं आणि पाशाभाईंनी नाही म्हटलंही नाही. जुनं मशीन बंद करायच्या दिवशी विजयसिंह जरा अवघडून त्यांच्याजवळ आला. म्हाळूनं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. मशीन तुमच्या घरी पोचवतो, असं तो म्हणाला. पाशाभाई घाईघाईनं म्हणाले, घरी नको. मग त्यानं त्यांचा मोबाईल मागून घेतला, त्यात रोजचा साडेचारचा गजर लावला आणि तीच ओळ मराठी अक्षरांत नीट लिहून दाखवली. पोरानं इतक्या मायेनं केलं होतं की नको म्हणायला पाशाभाईंची जीभ उचलेना.

बाहेर अर्जुनराव खुर्ची टाकून बसले होते. आता ऐंशीच्या पुढं गेलेले, गुडघ्यांनी रजा घेतलेली. त्यांनी पाशाभाईंना जवळ बोलावलं.

"बंद केलं मिशीन?"

"व्हय, मालक."

"आन् ठिय्या?"

पाशाभाईंनी मागं वळून काट्याच्या खोलीकडं बघितलं.

"लई ठिय्ये बघितले म्या, पाशा. पोलीस उचलून नेतेत, संध्याकाळी पुन्हा येऊन बसतेत. मागणी मान्य केल्याबिगर ठिय्या उठत न्हाई. ते लेकरू तुला चला म्हनत हुतं ना? येवढ्या सालात एकदा तरी गेलतास का?"

"कुटं जाऊ, मालक?"

अर्जुनरावांनी काठीनं बाजूचं स्टूल पुढं सारलं आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाशाभाई घरीच होते. नवा काटा बसवायचं काम चाललेलं, म्हणून जिनिंग बंद. नमाज पढून, जेवून पाशाभाई आडवे झाले. मोबाईल सुरैयाच्या शिलाई मशीनजवळच्या बोर्डाला चार्जिंगला लावला होता. त्या गजराचं त्यांना काही आठवलं नाही. जिनिंगमध्ये वाजणारी गोष्ट घरात वाजेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

साडेचारला तो वाजला. सुरैयानं शिलाई थांबवली, तो बंद करावा म्हणून हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवून वाचलं. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई, अक्षर अक्षर जोडत वाचायची. पाशाभाई उठून बसले तेव्हा तिचं वाचून झालं होतं.

हे कुणी लिहिलं, असं तिनं विचारलं. इरमनं, ते म्हणाले. तिच्या पुढ्यात ते नाव त्यांनी इतक्या वर्षांनी घेतलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मांडीवर बसलेली पोरगी, तिनं सांगितलेली ओळ, आणि ती गेल्यावरही रोज, दर साडेचारला वर येणारी ती चौकट.

"रोज?"

"रोज."

"और तुम क्या करते थे?"

"बंद कर देता था. गाड्यां खडी रहती थी काटे पे."

सुरैयानं मोबाईल मांडीवर ठेवला. "मेरे कू लगा तुम भूल गए," ती म्हणाली. "मैं अकेली याद करती बैठी इत्ते साल."

"भूल जाता तो तेरे से बात करता न मैं," पाशाभाई म्हणाले आणि रडायला लागले. दफन करून आल्यावर ते रडले नव्हते. आता गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. सुरैयानं त्यांना थांबवलं नाही, तिचंही चालूच होतं. रडता रडताच त्यांनी अर्जुनराव काय म्हणाले तेही सांगितलं.

सुरैयानं सुईतला दोरा तोडला, अर्धी शिवलेली बाही घडी घालून ठेवली आणि खुंटीवरचा बुरखा काढला.

"उठो, इरम के अब्बू."

त्यांच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, लेकराच्या नावानं हाक मारते. इरम गेली तशी ती हाकही घरातून गेली होती. तेव्हापासून सुरैया 'सुनो' म्हणायची, तेही भिंतीकडं बघून. पाशाभाईंना सदऱ्याची बाही सापडेना, तेव्हा तिनंच त्यांचा हात धरून बाहीत घातला.

दोघं चालत निघाली. शाळेला आता वरचा मजला झालाय, पत्र्याच्या फाटकाच्या जागी लोखंडी फाटक आलंय, सुटायची वेळ साडेपाच झालीय. बाहेर मोटारसायकलींवर बाप लोक, रिक्षावाले, एक कुल्फीवाला. ही दोघं भिंतीच्या कडेला उभी राहिली. कशाला आलो, हे दोघांनाही माहीत होतं आणि इथं काही मिळणार नाही, हेही. तरी घंटा झाली आणि पोरं फाटकातून लोंढ्यानं बाहेर पडायला लागली, तेव्हा पाशाभाई एकेक चेहरा बघायला लागले. कळत होतं, पण डोळे ऐकेनात.

स्कूटरवर आलेल्या एका बाईनं सुरैयाला सहज विचारलं, आपकी कौनसी में है.

"दूसरी में," सुरैया म्हणाली. ती खोटं बोलली नाही.

बाई आपलं लेकरू पुढं उभं करून निघून गेली. हळूहळू सगळेच गेले. कुल्फीवाल्यानं गाडा ढकलला. मैदानात धूळ खाली बसली, वर्गाच्या खिडक्या एकेक करून लागल्या. शिपाई नवा, तरुण होता, या दोघांना ओळखत नव्हता. त्यानं फाटकाचं एक दार ओढून घेतलं, कडी खाली टाकली आणि दुसऱ्याला हात घातला. मग त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. यांचं लेकरू अजून आतच असेल असं त्याला वाटलं आणि त्यानं ते दार उघडंच ठेवलं.