उजवा हात भिंतीला

चहा ओतताना मिलिंद कपाच्या काठावरून आत एक बोट सोडतो. चहा त्या बोटाला टेकला की किटली धरलेला हात थांबतो, आणि किटलीच्या तोंडाशी अडलेला शेवटचा थेंब बशीत पडल्याचा बारीक आवाज होतो. आयर्लंडमधल्या टॅला या उपनगरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच डब्लिनचे डोंगर आहेत. सकाळचा तो इथला संकोची, पावसात भिजून फिकुटलेला उजेड त्यांच्या पाठीवरून घरंगळत येतो आणि मिलिंदच्या अर्ध्या चेहऱ्यावर विसावतो. पूर्वी तो उजेड आला की मिलिंद डोळे बारीक करायचा. आता करत नाही. हे बोट सोडणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चिडून म्हटलं होतं, डॉक्टर ना तू, मग हा काय गलिच्छपणा. तो नुसता हसला होता.

माझा नवरा मूळचा नागपूरचा. नागपूरच्या माणसाला उंचवटा दिसला तरी तो डोंगर म्हणतो, ही थट्टा त्याचीच. लग्नाआधी काही महिने तो जपानात, नागानो नावाच्या डोंगराळ मुलखात शिकायला होता, आणि आयुष्यातले पहिले खरे पर्वत त्याला तिथे भेटले. त्यांचं वेड त्याने आमच्या संसारात हुंड्यासारखं आणलं. मात्सुमोतोचा काळाभोर किल्ला आणि खंदकाच्या पाण्यात त्याच्या शेजारी उलटी उभी राहिलेली हिमशिखरं. कामिकोचीच्या दरीतली, तळाचा गोटान् गोटा मोजता येईल अशी नदी. किसोच्या खोऱ्यातली जुनी लाकडी गावं, जिथे सायंकाळी घराघरावर कागदी कंदील लागतात: हे सारं मी इतक्यांदा ऐकलं होतं की तिथल्या वळणांवरून मी झोपेतसुद्धा चालले असते. ‘तुला दाखवीन’ हे त्याचं पालुपद. आधी घर होऊ दे, मग लेकीची, इराची, शाळा लागू दे, मग कायमची नोकरी पक्की होऊ दे. आपल्याकडे सगळ्या सुखांना आधी रांगेत उभं करतात.

पेशाने तो रेडिओलॉजिस्ट. हॉस्पिटलातल्या अंधाऱ्या खोलीत बसून परक्यांच्या देहातल्या सावल्या वाचण्यात त्याची उमर गेली, आणि डोळ्यामागची नस सुकत चालल्याचं त्याच्या स्वतःच्या चित्रात उमटलं तेव्हा तेही त्यानेच पहिल्यांदा वाचलं. घरी येऊन त्याने ते मला सांगितलं, हवामान सांगावं तशा आवाजात. कुणाची एखादी सावली आपल्या नजरेतून निसटायच्या आत त्याने ती खोली सोडली. औषध नव्हतं. दृष्टी कडेकडेने काळवंडत आत येत होती. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून पाहावं तेवढं जग उरलं होतं, आणि ती सुरळीही महिन्यागणिक आवळत होती.

माझा स्वभाव हातावर हात ठेवून बसण्यातला नाही. चेरीवूडच्या ऑफिसात मी दिवसभर बिघडलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करते. न दुरुस्त होणारी गोष्ट घरात येऊन बसली आहे हे मला मानवेना. गेल्या वर्षी ऑक्टोबरात इराला शाळेची सुट्टी लागली आणि मी तिघांची तिकिटं काढली. दृष्टी जाण्याआधी त्याच्या डोळ्यांत ते पर्वत पुन्हा एकदा भरून ठेवायचे, गच्च, पावसाळ्याआधी कोठीची खोली भरावी तसे, एवढा एकच ध्यास मी घेतला.

कामिकोचीला लार्चची झाडं सोन्यासारखी पिवळी झाली होती. हे झाड पानं गाळताना आवाज करत नाही. सुईएवढी पिवळी पानं हवेत तरंगत नदीवर उतरत होती आणि नदी त्यांना घेऊन निळसर हिरव्या पाण्याने वाहत होती. लाकडी पुलाच्या मधोमध मी मिलिंदचे खांदे धरून त्याला फिरवत होते. तिकडे शिखर आहे, बघ. आता डावीकडे, बर्फाची घळ, बघ. ढग येईल, लवकर बघ. किल्ल्याच्या उभ्या जिन्यांवर, किसोच्या पायवाटेवर, सगळीकडे माझं हेच चाललं होतं. त्या पायवाटेवर अस्वलांना दूर ठेवायला जागोजागी पितळी घंटा टांगलेल्या आहेत. येणारा-जाणारा एक ठोका देऊन पुढे जातो. मिलिंद प्रत्येक घंटेपाशी थांबायचा, ठोका द्यायचा आणि नाद पुरता विरेपर्यंत मान कलती ठेवून उभा राहायचा. मी त्याची बाही ओढायची. शेवटी दहा वर्षांची इरा, जिला मराठी कळतं पण जिच्या तोंडी डब्लिनचं इंग्लिशच येतं, वैतागून मला म्हणाली, “लीव्ह हिम बी, आई. ही इज ग्रँड.”

तो ग्रँड, म्हणजे डब्लिनच्या बोलीत ठीकठाक, नव्हता आणि मीही नव्हते, पण मुलीसमोर आम्ही दोघांनी हसून घेतलं.

शेवटच्या दिवशी नागानो शहरातल्या जुन्या बुद्धमंदिरात गेलो. धुपाचा निळा धूर, ओल्या लाकडाचा वास, आणि गाभाऱ्यापुढे सोडलेला जड पडदा. मी चपळाईने गर्दीतून वाट काढली आणि त्याला पुढे उभं केलं, दर्शन नीट व्हावं म्हणून. मग कळलं की इथली मूळ मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. शतकानुशतकं कुणी पाहिलेली नाही, पुजाऱ्यांनीसुद्धा. इतक्या लांबून येऊन देव दिसणार नाही, हे माझ्या मराठी डोक्यात शिरेना. तिथल्या सेवेकरी आजीबाईंना मी मोबाइलच्या भाषांतरातून विनवलं की एकच क्षण पडदा बाजूला करा, ह्यांचे डोळे जाणार आहेत. काही वेगळी पावती फाडावी लागत असेल तर तीही फाडते. आजीबाई कमरेत वाकल्या आणि त्यांनी खाली जाणारा जिना दाखवला. देवाच्या बरोबर खाली एक काळोखी बोळ आहे. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला लावायचा आणि चालत राहायचं. वाटेत भिंतीवर एक लोखंडी किल्ली आहे, तिला हात लागला की देवाशी गाठ पडली असं मानतात.

जिना उतरून वळण घेतलं आणि उजेड संपला. तसला काळोख मी जन्मात पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळेना. मी पावलाला पाऊल अडकवत होते, भिंतीवरून हात सैरावैरा फिरत होता, किल्ली कुठेच नव्हती. पुढे मिलिंदची पावलं मात्र संथ पडत होती, घरातल्या घरात चालावं तशी. ती थांबली. त्याने मागे येऊन माझं मनगट धरलं, हात अलगद खाली आणला आणि गार लोखंडावर टेकवला.

“ही किल्ली,” तो म्हणाला. “घाबरू नकोस. मी खूप दिवस सराव करतोय.”

तेव्हा मला कपातलं ते बोट कळलं. डोळे मिटून केलेल्या आंघोळी, जिन्यावर पुटपुटत मोजलेल्या पायऱ्या, इराच्या चेहऱ्यावरून उगाच फिरवलेला तळहात, सारं एकदम कळलं. मी त्याला उजेड भरवत होते आणि तो केव्हाचा अंधार शिकत होता. त्या बोळात मी रडले; मागची माणसं थांबून राहिली.

परवाची गोष्ट. इकडे नोव्हेंबरात साडेचारलाच सांज कलंडते. ऑफिसातून आले, दार उघडलं. इरा खेळायला जाताना नेहमीप्रमाणे सगळे दिवे चालू ठेवून गेली होती. बोळ, जिना, बैठकीची खोली, सगळं लख्ख होतं. मिलिंद खिडकीशी खुर्चीत बसला होता, चेहरा दाराकडे, डोळे उघडे.

“आलीस? लाईट लाव ना आधी,” तो म्हणाला. “अंधारात धडपडशील.”

मी दारातच उभी राहिले. डोक्यावर दिवा जळत होता. मग मी आत येऊन मागचं दार लोटलं आणि हात वर करून बटण दाबलं. खट्ट झालं, आणि खोली काळोखली.

“लावला,” मी म्हटलं.

“आता दिसतंय ना नीट?”

हो म्हटलं. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला लावला आणि चालत राहिले: दाराची चौकट, कोटांची खुंटी, इराचं दप्तर, गार तावदान, आणि मग त्याची बोटं. खिडकीबाहेरचे डोंगर गेले होते. कामिकोचीची नदीही कुठेतरी आपल्या सोनेरी पानांसह अंधारात वाहत असेल. माणूस त्याच खुर्चीत बसून असतो आणि काळ त्याच्यातलं एकेक नेत राहतो. उरलेल्यापाशी पोचायला आठवणीलाही डोळे नसतात, तीही अशीच येते, उजवा हात भिंतीला लावून.