मार्शलचं नाव राहावं म्हणून

हॅडली मोटर्समध्ये मी चिकटले तेव्हापासून ही कंपनी तीनदा मरायला टेकली आणि तीनदा तिला उठवून बसवायला नवे साहेब आले. दर वेळी नवी विटी, नवं राज्य. गाडीच्या नाकावर कंपनीची खूण म्हणून ढाल असते, पहिल्यानं तिच्यातलं ओकचं एक पान काढलं. दुसऱ्यानं दुसरं काढलं. तिसऱ्यानं पानं ठेवलीच नाहीत, नुसती ढाल ठेवली आणि त्या ढालीसाठी न्यूयॉर्कच्या कुठल्याशा मंडळींना एवढे पैसे मोजले की त्यात आमच्या सगळ्या इमारतीचं छप्पर शाकारून झालं असतं. आणि प्रत्येकानं आम्हाला मोठ्या खोलीत बसवून, डोनट खाऊ घालून तेच सांगितलं, की हॅडली म्हणजे नक्की काय, हे आपल्याला नव्यानं शोधायचंय. अहो, हरवलंय कुठं? रविवारी कुठल्याही चर्चबाहेर उभे राहा. काठी टेकत टेकत म्हातारी माणसं ज्या लांबलचक गाडीत बसतात, ती हॅडली.

चौथा साहेब ब्रॅडन हॉल्ट. टूथपेस्टच्या कंपनीतून आलेला, वयानं माझ्या थोरल्या मुलाएवढा. माणूस वाईट नव्हता हीच पंचाईत. खडूस असता तर भांडायला तरी मजा आली असती. त्यानं आल्या आल्या सगळ्या गाड्याच बदलायला काढल्या. लांब, बुटक्या गाड्या बंद. त्याऐवजी उंच, जीपसारख्या तीन गाड्या, लहान, मधली आणि मोठी. नावंसुद्धा जुनी नकोत. एच-थ्री, एच-फाइव्ह, एच-सेव्हन.

"ही काय नावं झाली?" मी म्हणाले. "बिंगो खेळतोय का आपण?"

"वँडा, तरुण माणसांना जुनी नावं बोचतात."

"मला तर काहीच बोचत नाही आता. सगळं सुन्न झालंय."

तो हसला. मी खरं तेच बोलले होते. कुठली गाडी काढायची, कुठली बंद करायची, कशाला काय म्हणायचं, हे ज्या विभागात ठरतं तिथं माझी सगळी उमर गेली. बैठकीत मी सगळ्याला मान डोलावली. लहान गाडी एच-थ्री? असू दे. मधली एच-फाइव्ह? असू दे. एकाच गोष्टीसाठी मी पाय रोवून उभी राहिले, मोठ्या गाडीला आमच्या जुन्या लांबलचक गाडीचं, मार्शल हे नाव राहिलं पाहिजे.

कारण पपा. माझे वडील झिग्मंट सोबचाक. सगळी हयात डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅम्ट्रॅमिकच्या कारखान्यात मार्शलचे दरवाजे बसवले त्यांनी. आमच्या गल्लीत कुणाची मार्शल उभी राहिली, की पपा जाऊन तिचा दरवाजा एकदा उघडून लावून बघत, मालकाला विचारायचेसुद्धा नाहीत. निवृत्त झाल्यावरही दर तीन वर्षांनी, कंपनीच्या माणसांच्या कुटुंबाला मिळते त्या सवलतीत, नवी मार्शल. आई गेल्यापासून त्या घरात पपा आणि दारातली ती गाडी, एवढंच. मला वाटायचं, नाव पुसलं गेलं तर हा माणूस खचेल. बाकी कंपनीचं काय व्हायचं ते होवो, मला फक्त तेवढं वाचवायचं होतं.

ब्रॅडननं शेवटी तोडगा काढला. "कोलंबस शहरात जाऊन लोकांना विचारू. मार्शलचे आत्ताचे मालक म्हणाले की नाव हवं, तर राहील. नको म्हणाले, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस."

"कबूल," मी म्हणाले. मनात म्हटलं, बच्चमजी, या म्हाताऱ्यांना मी ओळखते. जिंकलेच मी.

आमच्या धंद्यात याला क्लिनिक म्हणतात. मोठं सभागृह भाड्यानं घ्यायचं, न निघालेली गाडी तिथं उभी करायची, तिच्यावरचं नाव-गाव झाकायचं, शेजारी दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या ठेवायच्या आणि लोकांना बोलवून विचारायचं. डेट्रॉइटमध्ये हे करताच येत नाही. इथं प्रत्येकाचा काका, मेव्हणा, जावई कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. सवलतीवर गाड्या घेणारी माणसं, त्यांना खरं काय आवडतं ते त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून तीन-साडेतीन तास गाडी हाणत ओहायोतल्या कोलंबसला जायचं. आणि येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच, घरात कुणी मोटारीच्या कंपनीत आहे का? असेल तर बाद. एक असला माणूस घुसला, की तो सगळा गट बाद. हा नियम लिहिला तेव्हा मी त्या समितीत होते.

नोव्हेंबरचा दिवस, बाहेर चिखल आणि भुरभुरता बर्फ. मी आणि ब्रॅडन काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत बसलो होतो. त्या काचेतून आम्हाला पलीकडचं दिसतं, पलीकडच्यांना नुसता आरसा. सकाळी तरुण मंडळींचे गट झाले. गाडी बघून खूश. नाव सांगितलं, हॅडली, की चेहरे असे पडायचे जणू आम्ही त्यांना दवाखान्यात भरती करतोय. एक पोरगी म्हणाली, "छान आहे, पण आजीची वाटते." ब्रॅडन कपाळ चोळत बसला. मला त्याची दयाच आली.

दुपारी मार्शलच्या मालकांचा गट आला. मी टर्कीचं सँडविच खात होते. गाडी बघून झाल्यावर एकेक जण येऊन गोल टेबलाशी बसायला लागला, छातीवर नावाची चिठ्ठी. शेवटी एक जण कंबर धरून, पाय ओढत आला. चिठ्ठीवर लिऑन. आणि चिठ्ठीच्या वर माझे पपा.

लिऑन हा माझा मामा, कोलंबसला राहतो. त्याच्याकडे मार्शल आहे, बोलावणं त्याला गेलं असणार आणि त्याच्या जागी हे महाशय येऊन बसलेले. माझ्याच डोळ्यांदेखत पपांनी माझ्याच काचेत बघून टाय नीट केला.

मी तिथल्या तिथं उठून सांगायला हवं होतं. नियमच तो. पण मी खुर्चीला चिकटून राहिले. कारण मला वाटलं, देवच पावला. मार्शलसाठी बोलायला अख्ख्या अमेरिकेत यांच्याहून चांगला माणूस नाही. बोला पपा, म्हटलं, आज बोलाच.

सेलेस्ट म्हणून बाई प्रश्न विचारत होती. गोड बाई. तिनं विचारलं, "तर मंडळी, आत्ता बघितलीत ती मोठी गाडी. तिचं नाव मार्शल ठेवलं तर?"

एक बाई म्हणाली, "चांगलं वाटेल." एक जण म्हणाला, "आमच्या हिला आवडेल." ब्रॅडननं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मग सेलेस्ट वळली. "लिऑन, तुम्हाला काय वाटतं?"

पपांना आपलं नाव लिऑन आहे हेच आठवेना. शेजाऱ्यानं कोपर मारलं तेव्हा जागे झाले.

"गाडी चांगली आहे," पपा म्हणाले. "मी आत बसलो. गुडघा वाकवावा लागला नाही. उतरलो तेव्हा कुणाचा हात धरावा लागला नाही. असं शेवटचं कधी झालं, मला आठवत नाही."

"आणि नाव?"

"नाव नका ठेवू."

माझ्या हातातलं सँडविच मांडीवर पडलं.

"का बरं?" सेलेस्टनं विचारलं.

"मार्शल आता चांगली गाडी राहिली नाही, बाई. आम्ही सगळे म्हणतो चांगली आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध. बुटकी आहे, सीट विहिरीसारखी खोल आहे. माझी बायको आजारी होती ना, तिला त्या गाडीतून बाहेर काढताना ती रडायची. माझ्या मार्शलमध्ये बसून रडायची. शेवटी शेवटी मी कोपऱ्यावरच्या बाईची जपानी व्हॅन मागून आणायचो. गल्लीच्या टोकाला उभी करायचो, मित्रांना दिसू नये म्हणून. हिला चाकाच्या खुर्चीतून तिथपर्यंत ढकलत न्यायचं, बर्फातून." पपांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकवला. "नव्या गाडीला नवं नाव द्या. पोराला मेलेल्या आजोबाचं नाव दिलं म्हणजे आजोबा परत येत नाहीत."

टेबलाभोवती सगळ्या माना हलायला लागल्या. "आमच्या हिला आवडेल" म्हणणारासुद्धा कबूल झाला, की त्याची कंबर या गाडीनंच गेली. बघता बघता माझं सगळं घर उन्हात बांधलं गेलं.

"अरे देवा," ब्रॅडन काचेला नाक लावून म्हणाला. "कोण आहे हा माणूस? सोन्यासारखं बोलला. याचं वाक्य आपण अहवालाच्या पहिल्या पानावर टाकू."

मी उठून बाहेर पडले.

पपा गाड्यांच्या तळावर सापडले. मार्शलचा दरवाजा उघडून, छताला धरून, आत कसं शिरायचं याचा विचार करत उभे होते. मला बघून दचकले नाहीत.

"मला वाटलंच, तू आरशामागे असशील," ते म्हणाले. "लिऑनला सर्दी झालीय."

"पपा, तुम्हाला काही लाज? इतक्या लांब, या रस्त्यांवरून एकटे आलात?"

"घरी तू काही सांगत नाहीस. विचारलं तर म्हणतेस, गुपित आहे. मला गाडी बघायची होती."

"बघितलीत ना? आणि वर माझ्या पायावर धोंडा टाकलात!" माझा आवाज चढला. "वर्षभर भांडतेय मी त्या नावासाठी. हसतात मला सगळे. म्हणतात, वँडाला म्हातारचळ लागला. कुणासाठी करत होते मी हे?"

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी!"

पपा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या भुवयांवर बर्फ साचला होता, तो मी पुसायला हवा होता, पण रागानं माझे हात चालेनात.

"अगं वँडे," ते म्हणाले, "आणि मी ही गाडी कुणासाठी घेत होतो? तू तिथं कामाला. सोबचाकच्या दारात दुसऱ्या कंपनीची गाडी दिसली, तर तुला तिथं काय तोंड राहील, म्हणून. तुझ्या आईला मी सांगायचो, थोडं सोस, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. ती बिचारी सोसायची."

आई त्या खोल सीटवर कळवळायची, पपा कोपऱ्यावर दुसऱ्याची व्हॅन लपवत फिरायचे आणि मी कंपनीत बसून त्याच गाडीची बाजू घेऊन भांडत होते. मला रडू आलं. चांगलं हमसून आलं, बर्फात, त्या तळावर, येणारे-जाणारे बघत असताना. पपा नुसते "बरं बरं" म्हणत पाठीवर थोपटत राहिले.

मग मी आत गेले. ब्रॅडन खिडकीशी कॉफी ढवळत होता.

"तो माणूस माझा बाप आहे," मी म्हणाले. "हॅडलीचा निवृत्त कामगार. गट बाद करावा लागेल."

त्याचा चेहरा साफ उतरला. पहिल्या पानावरचं वाक्य गेलं. "म्हणजे पुन्हा बोलवायचे सगळे? पुन्हा विचारायचं?"

"नाही. मी मार्शल मागे घेते. तुझं एच-सेव्हन ठेव."

"वँडा, नियमानं तू अजून हरलेली नाहीस. तू म्हणशील तर महिन्याभरात दुसरा गट बसवतो. खरंच सांगतोय." पोरगा मनापासून बोलत होता, हे मला कळत होतं. "तुझी बाजू जिंकूही शकते."

"मला माहितीय," मी म्हणाले. "पण मी दमलेय रे."

त्यानं मान हलवली आणि मान्य केलं. एवढ्या पिढ्यांच्या नावाचा निकाल कागदाच्या पेल्यातली कॉफी संपायच्या आत लागला.

परतीला पपांची गाडी मी चालवायला घेतली. ते शेजारी बसले. त्यांना आत बसवताना मी त्यांचा एकेक पाय उचलून ठेवला, त्यांनी दात आवळून घेतले. आम्ही उत्तरेला निघालो. वायपर तेवढे चालू होते. वाटेत एका ठिकाणी थांबून आम्ही सूप प्यायलो. पपांनी माझ्या वाटीत आपल्या पावाचा तुकडा टाकला, लहानपणी टाकायचे तसा. पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "मग? नावाचं काय झालं?"

"काढलं."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे मार्शल संपली. या वर्षीच्या गाड्या विकल्या की नाव बंद. मी आत जाऊन सांगून आले."

त्यांनी डोकं सीटला टेकलं. मला वाटलं झोप लागली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. बघते तर पपा दरवाजाच्या कडेवर हात ठेवून, तोंड काचेकडे करून रडत होते. आईच्या वेळेलाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"पपा! अहो, तुम्हीच म्हणालात ना, नाव नका ठेवू?"

"म्हणालो," ते म्हणाले. "पण तू ऐकशील असं वाटलं नव्हतं."