पाडव्याचा विस्तव

मित्रांनो, मी एक जुनी मातीची शेगडी आहे, आणि बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगते. त्या पाडव्याला विस्तव मी विझवला नाही. सगुणेनेही विझवला नाही. नारायण पेठेत अजून कोणी तसे म्हणत असेल, तर त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावे.

माझा जन्म कसब्यातल्या कुंभारवाड्यात झाला. पेशव्यांची अमदानी होती आणि पुण्यात नव्या पेठा वसत होत्या. कुंभाराने नदीकाठच्या मातीत घोड्याची लीद मिसळली, ती पायांनी तुडवली आणि मला घडवले. वारा आत यावा म्हणून खालच्या बाजूला एक तोंड ठेवले. "हे तोंड मोकळं असलं की ही शेगडी कुणाला हार जायची नाही," असे त्याने गिऱ्हाइकाला सांगितले. गिऱ्हाईक होते हिंदुराव, सरकारी पागेतल्या घोड्यांची खोगिरे शिवणारे.

त्यांच्या घरी मी मन लावून राबले. थंडीत म्हाताऱ्यांचे गुडघे शेकले, बाळंतिणीच्या खोलीत धुरी दिली, पाहुण्यांसाठी पापड भाजले. "शेगडी असावी तर अशी," असे लोक म्हणत. मलाही ते पटत असे.

पुढे हिंदुरावांनी नारायण पेठेत स्वतःचे घर बांधले. पाडव्याला पागेत सुट्टी आणि मुहूर्तही उत्तम, म्हणून त्याच दिवशी बिऱ्हाड हलवायचे ठरले. त्या घराची रीत अशी, की नव्या चुलीत चकमकीचा कोरा विस्तव घालायचा नाही. नांदत्या चुलीतलाच निखारा न्यायचा आणि त्यावर दूध उतू घालायचे. निखारे माझ्यात भरायचे आणि मला न्यायचे हिंदुरावांच्या नव्या सुनेने, म्हणजे सगुणेने. पोर नुकतीच नांदायला आली होती.

त्या सकाळी सगुणेच्या सासूबाईंना उत्साह आवरेना. सणाची शेगडी पारोशी कशी न्यायची? त्यांनी मला शेणमातीने चांगले जाड सारवले, हळदकुंकू लावले आणि ओली असतानाच निखाऱ्यांनी भरले. जुन्या चुलीवर दूध शिंपडून ती शांत केली. सगुणेने मला डोक्यावरच्या चुंबळीवर घेतले आणि आम्ही निघालो. दारोदारी गुढ्या उभ्या होत्या. माझा मात्र जीव गुदमरत होता. ओरडायचे म्हटले तरी शेगडीचे कोण ऐकणार?

नव्या घरी पोचून राख बाजूला केली, तर सगळे निखारे काळे पडलेले.

"पायगुण, दुसरं काय!" सासूबाई कडाडल्या. "घरात पहिलं पाऊल हिचं आणि विस्तव गार. उद्याच हिला सासवडला बापाकडे धाडा. परत आणायचं की नाही, ते मागाहून बघू."

पण सगुणा बोलली. "मी विझवला नाही, सासूबाई. वाटेत मी मानसुद्धा हलू दिली नाही."

"वर तोंड करून बोलतेस?"

मला इतका संताप आला की गार असूनही मी तापले असते!

हिंदुराव विस्तव मागायला बाहेर पडले. पण सणाच्या दिवशी घरातला विस्तव कोणी बाहेर देत नाही, दिला तर लक्ष्मी जाते म्हणतात. दोन घरी त्यांना नकार मिळाला. शेजारच्या बायडाबाईंकडे ते गेलेच नाहीत, कारण त्या बाईंच्या जिभेची कीर्ती त्यांनी आधीच ऐकली होती. पण आमच्या घरातला आरडाओरडा ऐकून बायडाबाई आपण होऊन दारात आल्या.

"राहायला आलात की भांडायला?" असे म्हणत त्या आत आल्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी वाकून माझ्या अंगावरून हात फिरवला. "ही ओली कशी?"

"मी सकाळीच सारवली," सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

"छान सारवलीत. तोंडासकट!" बायडाबाईंनी माझ्या तोंडात बोट घातले आणि मातीचा ओला गोळा उपसून सासूबाईंच्या पुढे ठेवला. "आणि हा कुणाचा पायगुण?"

सासूबाईंनी तो गोळा उचलून पदराआड केला. मित्रांनो, ते पाहून मला किती गार वाटले म्हणून सांगू!

बायडाबाईंनी मला उचलून आपल्या घरी नेले, अंग कोरडे होईपर्यंत चुलीपाशी शेकले आणि स्वतःच्या चुलीतले रसरशीत निखारे माझ्यात भरले. समोरची बाई ओट्यावरून ओरडली, "अहो बायडाबाई, सणाचा विस्तव देताय? लक्ष्मी जाईल ना!"

"एवढ्याशा निखाऱ्यामागे जाणारी असेल, तर खुशाल जाऊ दे. दार उघडंच आहे."

त्यांनी मला हिंदुरावांच्या हाती दिले नाही. सगुणेलाच हाक मारून म्हणाल्या, "घे गं. तूच ने."

त्या दिवशी नव्या चुलीवर दूध असे उतू गेले की बघत राहावे. सासवडचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. सासूबाई आपली चूक झाली असे जन्मात म्हणाल्या नाहीत. पण संध्याकाळी साखरेच्या गाठीतले पहिले पदक मोडून त्यांनी सगुणेच्या हातावर ठेवले.

पुढे घरात तांबटाकडची चकचकीत शेगडी आली. माझा काठ फुटला आणि मी परसात पडले. पावसाने भिजले, माझ्या अंगावर कोंबड्या बसल्या. फुटकी म्हणून मला दोनदा उकिरड्यावर टाकायला निघाले होते. दोन्ही वेळा सगुणेने मला परत आणले.

परवाच्या पाडव्याला गल्लीत नवे बिऱ्हाड आले. त्यांची सून गार निखाऱ्यांचे भांडे घेऊन रडवेली होऊन आमच्या दारात उभी राहिली. "सणाचा विस्तव द्यायचा नसतो ना?" सगुणेच्या सुनेने विचारले. सगुणेचे केस आता पांढरे झाले आहेत. ती उठून परसात आली. तिने मला उचलले, आधी माझ्या तोंडात बोट घालून आतले जाळे काढले आणि मग मला काठोकाठ भरले.

"जाणाऱ्या लक्ष्मीला वाट मोकळी आहे," ती म्हणाली.

तेव्हा मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, फुटकी म्हणा. सणावाराला हवी तेवढी सारवा, हळदकुंकवाने नटवा. मात्र सारवताना माझे तोंड मोकळे ठेवा. त्यानंतरही विस्तव विझला, तर खुशाल मला बोल लावा.